शस्त्रक्रियेनंतर शक्तीचे पुनरागमन

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



शस्त्रक्रिया म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे शल्यविशारद उभा राहतो. भूल देणारा डॉक्टर त्या चित्रात सहसा नसतो. पुष्कळदा नातेवाइकांना त्याचे नावही ठाऊक नसते. भूल म्हणजे झोपेचे इंजेक्शन, आणि शस्त्रक्रिया आटोपली की ती झोप आपोआप उतरते, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः पूर्ण भुलीत तीन निरनिराळ्या गोष्टी साधावयाच्या असतात. रुग्णाची शुद्ध हरपली पाहिजे, त्याला वेदना जाणवता कामा नये, आणि त्याचे स्नायू सैल पडले पाहिजेत. पहिल्या दोन गोष्टींविषयी थोडेफार बोलले जाते. तिसरीविषयी जवळजवळ काहीच बोलले जात नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय ती तिसरी गोष्ट हाच आहे. औषधाने काढून घेतलेली स्नायूंची शक्ती रुग्णाला परत कशी मिळते, ती पूर्णपणे परत मिळाली हे कसे ठरवावयाचे, आणि त्यात कुटुंबाचा वाटा कोणता, हे येथे पाहावयाचे आहे.

हा विषय आता घराघरांत पोहोचलेला आहे. ज्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण ज्याला जुनी माणसे अजून नुसते ‘नगर’ म्हणतात, त्या जिल्ह्यात मोठ्या शस्त्रक्रियांसाठी आज अनेक ठिकाणे आहेत. शहरातले जिल्हा रुग्णालय, साल्व्हेशन आर्मीचे बूथ रुग्णालय, आचार्य आनंदऋषिजींच्या नावाने उभे असलेले रुग्णालय, लोणीचे प्रवरा रुग्णालय आणि तालुक्यातालुक्यांतली खासगी शुश्रूषागृहे ही त्यांतली काही. पित्ताशय, हर्निया, गर्भाशय, हृदय, मोडलेले खुब्याचे हाड अशा एखाद्या कारणाने शस्त्रक्रियागृहाच्या दारापुढे न बसलेले कुटुंब आता विरळाच.

दाराआड काय घडते?

समजा, नेवासे तालुक्यातील सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत. पोटाची मोठी शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यांना शिरेतून झोपेचे औषध दिले जाते. पाठोपाठ दुसरे एक औषध जाते आणि एक-दोन मिनिटांत त्यांच्या शरीरातला इच्छेने हलणारा प्रत्येक स्नायू निश्चल होतो. पापणी, जबडा, हात, पोट आणि श्वास घेणारे स्नायूसुद्धा. या औषधाला स्नायुशिथिलक म्हणतात. घसा सैल पडल्याने श्वासनलिकेत नळी सुखरूप बसवता येते. पोटाचे स्नायू सैल पडल्याने शल्यविशारदाला आत नीट काम करता येते. तेवढा वेळ आजोबांचा श्वास यंत्र घेते आणि त्या यंत्रावर भूलतज्ज्ञाची नजर असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्नायुशिथिलक झोप आणत नाही आणि वेदनाही थांबवत नाही. याची खात्री करून घेण्यासाठी अमेरिकेतील स्कॉट स्मिथ या डॉक्टरांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून घेतला. कोणतीही भूल न घेता त्यांनी स्नायुशिथिलकाची मोठी मात्रा टोचून घेतली. सहकारी त्यांचा श्वास चालू ठेवत होते. अंगातला एकही स्नायू हलत नव्हता, पण त्यांना सर्व ऐकू येत होते, सर्व समजत होते, टोचलेले दुखत होते. हा वृत्तान्त १९४७ साली प्रसिद्ध झाला. निश्चल पडलेला माणूस झोपलेलाच असतो असे नाही, हा त्यातला धडा. म्हणून शिथिलकाचा अंमल पूर्ण उतरल्याखेरीज रुग्णाची झोप उतरवू नये, हा नियम झाला.

मज्जातंतू आणि स्नायू यांची भेट

मेंदूची आज्ञा मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येते, परंतु तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोघांमध्ये अतिसूक्ष्म फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन त्या फटीत सुटते, पलीकडच्या स्नायूवर त्याच्यासाठी राखलेल्या जागा असतात तेथे जाऊन बसते आणि स्नायू आकुंचन पावतो. काम होताच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रसायनाचे क्षणार्धात तुकडे करून जागा मोकळी करते. म्हणूनच माणसाला बोट उचलता येते आणि लगेच खालीही ठेवता येते.

माळीवाडा बसस्थानकावर ज्याने गर्दीच्या वेळी एसटी पकडली आहे, त्याला शिथिलकाचे काम समजण्यास अडचण पडू नये. गाडी लागते, आणि उतारू चढण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या जातात. उतारू आत येतात. जागा रिकामी दिसते, पण बसता येत नाही. ॲसिटिलकोलीन हा उतारू आणि शिथिलक हा रुमाल. रुमाल स्वतः प्रवास करीत नाही, फक्त जागा अडवतो. आज्ञा येते, रसायन सुटते, परंतु स्नायू हलत नाही.

निसर्गाने स्नायूवर जागा मात्र गरजेपेक्षा पुष्कळ अधिक ठेवल्या आहेत. सुमारे तीन-चतुर्थांश जागा अडल्याखेरीज अशक्तपणा दिसूच लागत नाही. याचा उलटा अर्थ फार महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण हात हलवू लागला, बरा दिसू लागला, तेव्हाही सत्तर टक्क्यांच्या आसपास जागांवर रुमाल पडलेलेच असू शकतात. दिसणारी शक्ती आणि शिल्लक असलेली शक्ती यांत अंतर असते. व्याख्यानातील पुढचा सर्व विचार या अंतराभोवती फिरणार आहे.

जिल्ह्याला ठाऊक असलेली दोन विषे

ही सूक्ष्म फट ग्रामीण माणसाला नावाने ठाऊक नसेल, पण तिच्यावर होणारे आघात त्याने पाहिले आहेत. नाग चावल्यावर माणसाच्या पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, लाळ गिळवत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. नागाचे विष स्नायूवरच्या त्याच जागा अडवते, म्हणजे शिथिलकासारखेच काम करते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. तिचे विष मुख्यतः मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते. म्हणून शस्त्रक्रियागृहात शिथिलकाचा अंमल उतरवणारे निओस्टिग्मिन हे औषध नागदंशात उपयोगी पडते, पण मण्यारीच्या दंशात त्याचा भरवसा धरता येत नाही. तेथे प्रतिविष आणि कृत्रिम श्वास यांवरच मदार असते. दोन्ही प्रसंगी प्रतिविष देणाऱ्या रुग्णालयात तत्काळ पोहोचणे हाच पहिला उपचार.

दुसरे विष फवारणीचे. ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणाऱ्या विकरालाच निकामी करतात. मग ते रसायन साचत जाते. लाळ, घाम, अश्रू वाहू लागतात, बुबुळे बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि पुढे लुळे पडतात. गंमत अशी की निओस्टिग्मिनसुद्धा याच विकराला अडवते. फरक मात्रेचा, मुदतीचा आणि देणाऱ्या हाताचा. एकाच गुणधर्माचे द्रव्य शेतात विष ठरते आणि शस्त्रक्रियेच्या मेजावर श्वास परत देते.

इतिहासातील काही पाने

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचा वनस्पतींचा अर्क लावीत. त्याने शिकार लुळी पडे. १८१४ साली लंडनमध्ये एका गाढवीला हे विष टोचण्यात आले आणि भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरत राहण्यात आली. अंमल उतरला, गाढवी उठून उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षे जगली. श्वास सांभाळला तर हे विष मारीत नाही, हे एका मुक्या जिवाने मानवाला शिकविले. ते ऋण विसरण्यासारखे नाही. फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की क्युरारे स्नायूला मारीत नाही, ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधील संबंध तोडते. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत क्युरारे वापरले, आणि भूलशास्त्राचे रूप पालटले. तोपर्यंत स्नायू सैल पडावेत म्हणून ईथरसारख्या औषधाची खोल, धोकादायक भूल द्यावी लागे. आता हलक्या भुलीतही पोट सैल पडू लागले. वृद्ध आणि नाजूक प्रकृतीच्या रुग्णांवर मोठ्या शस्त्रक्रिया करणे यामुळेच शक्य झाले.

परंतु प्रत्येक लाभाला किंमत असते. अमेरिकेतील बीचर आणि टॉड या संशोधकांनी १९४८ ते १९५२ या काळात दहा रुग्णालयांत दिल्या गेलेल्या जवळजवळ सहा लाख भुलींचा अभ्यास करून १९५४ साली निष्कर्ष मांडला. भुलीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण शिथिलक न वापरलेल्या रुग्णांत सुमारे २१०० त एक होते, तर शिथिलक वापरलेल्यांत ३७० त एक. म्हणजे जवळजवळ सहापट. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. औषधाचा दोष किती आणि ते हाताळण्यातील अपुरेपणाचा किती, हा त्या वादाचा गाभा होता. इंग्लंडातील लिव्हरपूलच्या भूलतज्ज्ञांचे म्हणणे असे की शिथिलक दिले तर शेवटी त्याचा उतारा दिलाच पाहिजे. काळाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

दोन उतारे

उताऱ्याचे तत्त्व १९०० साली व्हिएन्नामध्ये याकोब पाल यांना गवसले. आफ्रिकेतील एका विषारी शेंगेपासून काढलेले फायसोस्टिग्मिन क्युरारेचा अंमल उतरवते हे त्यांनी पाहिले. त्याच जातीचे निओस्टिग्मिन १९३१ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि आजही भारतातील बहुतेक शस्त्रक्रियागृहांत तेच वापरले जाते. ते रुमाल उचलीत नाही. ते उतारूंना खाली उतरवणाऱ्या विकराला थोपवते. फलाटावर उतारूंची गर्दी दाटते आणि त्या रेट्याने रुमाल बाजूला सारले जातात.

या पद्धतीला तीन मर्यादा आहेत. पहिली, गर्दीलाही कमाल असते. जवळजवळ सर्वच जागांवर रुमाल असतील तर निओस्टिग्मिनची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. शिथिलकाचा अंमल काही अंशी आपोआप ओसरेपर्यंत थांबावेच लागते. दुसरी, या औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास सुमारे दहा मिनिटे लागतात. शेवटचा टाका पडताना ते दिले आणि लगेच नळी काढली, तर रुग्ण अर्ध्या वाटेवर राहतो. तिसरी, ॲसिटिलकोलीन केवळ स्नायूंत नसते, हृदयात आणि लाळग्रंथींतही काम करते. नाडी मंद होऊ नये, लाळ वाढू नये म्हणून सोबत ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट द्यावे लागते.

दुसरा उतारा या शतकातला. ऑर्गनॉन कंपनीच्या स्कॉटलंडमधील प्रयोगशाळेत अँटन बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगामाडेक्स तयार केले. ते आठ शर्करा-घटकांचे एक कडे आहे. रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम या शिथिलकाचा रेणू त्या कड्याच्या पोकळीत अडकतो आणि पुढे लघवीवाटे बाहेर टाकला जातो. येथे गर्दीचा रेटा लागतच नाही; रुमालच उचलून नेले जातात. खोल अंमलसुद्धा काही मिनिटांत उतरतो. युरोपात २००८ साली आणि अमेरिकेत २०१५ च्या अखेरीस त्याला मान्यता मिळाली. मात्र ते सर्वांवर चालत नाही. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲट्राक्युरियमवर त्याचा काही उपयोग नाही. ॲट्राक्युरियमचे वैशिष्ट्य वेगळे आहे. यकृत व मूत्रपिंड यांवर फारसे न विसंबता ते रक्तात बरेचसे आपोआप विघटित होते, म्हणून त्या अवयवांच्या रुग्णांत सोयीचे ठरते. सुगामाडेक्सने क्वचित तीव्र ॲलर्जी होते, क्वचित नाडी अतिमंद होते. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी ते दिल्यानंतर सात दिवस अन्य साधनही वापरावे, असा इशारा त्याबरोबर दिला जातो.

उतारा कोणताही असो, तो देणे ही शेवटची पायरी नव्हे. उतारा दिला आणि शक्ती परत आली, ही दोन वाक्ये एक नाहीत.

पाहणे आणि मोजणे

रुग्णाला डोके उचलून पाच सेकंद धरायला सांगणे, हात घट्ट दाबायला सांगणे, जीभ बाहेर काढायला सांगणे या जुन्या परीक्षा आहेत. त्या वाईट नाहीत, पण अपुऱ्या आहेत. पुष्कळ अंमल शिल्लक असतानाही काही रुग्ण डोके उचलून धरतात. १९७० च्या सुमारास लिव्हरपूल येथील अली, अटिंग आणि ग्रे यांनी सोपी व चतुर युक्ती मांडली. मनगटाजवळील मज्जातंतूला दोन सेकंदांत विजेचे चार हलके झटके द्यावयाचे आणि अंगठा किती हलतो ते पाहावयाचे. शिथिलकाचा अंमल असेल तर पहिल्या झटक्याला अंगठा जोराने हलतो आणि चौथ्यापर्यंत हालचाल क्षीण होत जाते. चौथ्या हालचालीला पहिलीने भागले की जे गुणोत्तर येते, ती शक्तीची मोजणी. एकेकाळी ०.७ पुरेसे मानले जाई. पुढे असे दिसून आले की ०.९ च्या खाली गिळण्याची क्रिया बिघडते, घशाचे स्नायू श्वासमार्ग उघडा ठेवण्यात कमी पडतात, आणि रक्तातील प्राणवायू घटल्यावर श्वास वाढवण्याचा शरीराचा प्रतिसादही मंदावतो. आता ०.९ ही किमान पायरी मानली जाते.

मानवी डोळा येथे साफ फसतो. गुणोत्तर ०.४ च्या पुढे गेले की पहिल्या आणि चौथ्या हालचालीतील फरक अनुभवी डॉक्टरलाही डोळ्यांनी वा स्पर्शाने नीट ओळखता येत नाही. म्हणजे ०.४ आणि ०.९ यांच्यामधला सर्व प्रदेश नजरेला अंधारच. तेथे आकडा दाखवणारे यंत्रच हवे. फ्रान्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२६ रुग्णांना शिथिलकाची एकच मात्रा दिली होती आणि उतारा दिला नव्हता. शस्त्रक्रियेनंतरच्या दालनात तपासले तेव्हा ४५ टक्क्यांचे गुणोत्तर ०.९ च्या खाली निघाले. मात्रा देऊन दोन तास वा अधिक काळ उलटलेल्यांतही हे प्रमाण ३७ टक्के होते. ‘आता वेळ पुष्कळ गेला, अंमल उतरलाच असेल’ हा अंदाज किती धोक्याचा आहे हे यावरून कळते. २०२३ साली अमेरिका आणि युरोप या दोन्हीकडील भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी, शिथिलक दिलेल्या रुग्णाची शक्ती यंत्राने मोजावी, असे मार्गदर्शन केले.

आजोबांकडे परत यावे. नळी काढली आहे, प्राणवायूचा मुखवटा लावला आहे, छाती हलते आहे. नातेवाइकांना बोलावले जाते. ते म्हणतात, ‘झोपू द्या, दमलेत.’ पण पापण्या जड आहेत, एकाचे दोन दिसत आहेत, जीभ वळत नाही, लाळ घशात साचते आहे. आजोबांना सांगावयाचे आहे आणि सांगण्याची शक्तीच नाही. श्वासपटल लवकर सावरते, घशाचे स्नायू मागे राहतात. म्हणून छाती हलणे ही पुरेशी खूण नव्हे. मुखवट्यातला प्राणवायू बोटाच्या यंत्रावरचा आकडा चांगला ठेवतो आणि अशक्तपणा झाकतो. अशा वेळी घशातला द्रव फुप्फुसात उतरला, तर चार दिवसांनी होणाऱ्या न्यूमोनियाचे मूळ या अर्ध्या तासात असते. म्हणून पहिल्या तासात रुग्ण गुदमरल्यासारखा करीत असेल, घोगरा किंवा घरघरणारा आवाज येत असेल, माशासारखी अर्धवट धडपड करीत असेल, तर ते ‘भुलीची गुंगी’ म्हणून सोडून न देता परिचारिकेला तत्काळ बोलवावे.

रक्तातून आलेला वारसा

सक्सिनिलकोलीन हे सर्वांत जलद शिथिलक याहून निराळे आहे. पाच-दहा मिनिटांत त्याचा अंमल संपतो, कारण रक्तातील एक विकर त्याचे तुकडे करते. काही व्यक्तींत जन्मतःच हे विकर नसते किंवा फार क्षीण असते. त्यांचा श्वास मिनिटांऐवजी काही तास परत येत नाही. दक्षिण भारतात आणि मराठवाड्यातही वसलेल्या आर्य वैश्य समाजात ही स्थिती इतरांहून बरीच अधिक आढळते. तिच्यामागचा विशिष्ट जनुकीय बदल २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविला गेला. यात कमीपणा कसलाच नाही. एरवी ती व्यक्ती पूर्ण निरोगी असते. आयुष्यभर तिला कसलाही त्रास जाणवत नाही. धोका मुख्यतः त्या एका इंजेक्शनाचा, आणि तो आधी कळला तर तोही राहत नाही. अशा प्रसंगी वर सांगितलेले दोन्ही उतारे उपयोगी नाहीत. झोप कायम ठेवून, यंत्राने श्वास देत, शांतपणे वाट पाहणे हाच उपचार आणि तो निश्चित गुणकारी आहे. नुकतीच कीटकनाशकाची बाधा झालेल्या शेतकऱ्यातही हेच विकर घटलेले असते.

भूलतज्ज्ञाला काय सांगावे?

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ प्रश्न विचारतो, तेव्हा ‘काही नाही, सगळे ठीक आहे’ असे उत्तर देण्याची घाई नसावी. घरात कोणाला मागे भुलीतून बाहेर येण्यास फार वेळ लागला होता का? कोणाला शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले होते का? मूत्रपिंडाचा वा स्नायूंचा विकार आहे का? संध्याकाळी पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे असे होते का? ॲमिकासिन किंवा जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके चालू आहेत का? गरोदरपणातील रक्तदाबासाठी मॅग्नेशियमची इंजेक्शने दिली गेली आहेत का? यांतली प्रत्येक गोष्ट शिथिलकाचा अंमल वाढवू शकते किंवा भूलतज्ज्ञाची औषधांची निवड बदलू शकते.

या सभागृहात आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. तपश्चर्येचा आदर सर्वांच्याच मनात आहे. परंतु अठ्ठाई, मासखमण किंवा दीर्घ एकांतर उपवास नुकताच झालेला असेल, तर ते भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावे. दीर्घ उपवासात शरीरातील पोटॅशियमसारखे क्षार घटतात, आणि पोटॅशियम घटले की शिथिलकाचा अंमल लांबतो. टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया पारणे होऊन प्रकृती सावरल्यावर करता येते. शस्त्रक्रियेपूर्वी हलके जेवण सहा तास आधी थांबवावे लागते, पण साधे पाणी साधारणतः दोन तास आधीपर्यंत चालते. सकाळी उशिरा शस्त्रक्रिया असताना आदल्या सायंकाळपासून चौविहार केलेले वृद्ध कोरडे पडून मेजावर येतात. नियम कसा पाळावा हे ज्याचे त्याने ठरवावे. डॉक्टरला मात्र तो अंधारात ठेवू नये.

दिवसांत आणि आठवड्यांत परतणारी शक्ती

औषधाचा अंमल मिनिटांत उतरतो. शस्त्रक्रियेने आणि अंथरुणाने नेलेली शक्ती आठवड्यांनी परत येते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग घटला. त्यांना आजार नव्हता, शस्त्रक्रिया नव्हती. ‘आता महिनाभर हलायचे नाही’ हा प्रेमाचा सल्ला म्हणूनच घातक ठरतो. डॉक्टरांनी मुभा देताच दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणे, धरून चार पावले टाकणे, तीन चेंडूंच्या यंत्राने दीर्घ श्वास घेणे, पोटावर उशी धरून खोकणे ही औषधाइतकीच मोलाची कामे आहेत.

आहारात प्रथिने वाढवावी लागतात. मूत्रपिंड ठीक असेल तर शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे दीड ग्रॅमपर्यंत. शाकाहारात हे सहज साधते. मुगाचे कढण, घट्ट वरण, दही, ताक, पनीर, दूध, शेंगदाण्याचे कूट यांतून ते मिळते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी दिवसातली सर्व प्रथिने एकाच जेवणात न कोंबता सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशी विभागावीत. भाताच्या पेजेवर पंधरा दिवस ठेवलेला रुग्ण पथ्य पाळीत नसतो, झिजत असतो.

जामखेडला १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने खेड्यातील, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविण्याचे काम आरंभिले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्याचे ज्ञान डॉक्टरांच्या तिजोरीत बंद ठेवण्याची वस्तू नव्हे, हे या जिल्ह्याने जगाला दाखविले. शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या रुग्णाचा श्वास, खोकला, चालणे आणि ताट यांवर नजर ठेवणारी सून किंवा नातू हे त्याच परंपरेतले आरोग्यसेवक आहेत.

एक प्रश्न आणि एक विनंती

पन्नास वर्षांच्या वाटचालीत धर्मादाय संस्थांनी दवाखान्यांना खोल्या बांधून दिल्या, खाटा दिल्या, रुग्णवाहिका दिल्या. त्या देणग्या दिसतात. त्यांच्यावर नावाची पाटी लावता येते. मनगटावर बसणारे, अंगठ्याची हालचाल मोजून आकडा दाखवणारे यंत्र फार लहान असते. त्यावर पाटी मावत नाही. व्हेंटिलेटर किंवा सोनोग्राफी यंत्राच्या तुलनेत त्याची किंमतही अल्प असते. तरीही अनेक शस्त्रक्रियागृहांत ते नसते, कारण ते कोणी मागत नाही. पुढच्या देणगीची यादी करताना विश्वस्तांनी भूलतज्ज्ञाला बोलावून एवढेच विचारावे, ‘शक्ती मोजण्याचे यंत्र तुमच्याकडे आहे का?’

आणि शस्त्रक्रियागृहाच्या दारापुढे बसणाऱ्या कुटुंबाने, भीड न बाळगता व आदराने, भूलतज्ज्ञाला एक प्रश्न विचारावा : ‘नळी काढण्यापूर्वी शक्ती परत आल्याची खात्री कशी करणार?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आपल्या अदृश्य कामाची कोणी दखल घेतली म्हणून त्याला बरेच वाटते. झोपवलेल्या माणसाने आपला श्वास दुसऱ्याच्या हाती सोपविलेला असतो. तो श्वास अंदाजाने परत देऊ नये. मोजून, खात्री करून, पुरता परत द्यावा.